होल्डनचें घराणें

ऑस्ट्रेलियांतील अ‍ॅडलेड शहरीं १८५६ मध्यें होल्डनची खोगिरांची पेढी निघाली. तिचें नांव धारण करणारी ‘ऑस्ट्रेलियाची स्वतःची मोटार’ २९ नोव्हेंबर १९४८ रोजीं पंतप्रधान चिफ्ली यांनीं जनतेपुढें आणली. पुढें घरोघरीं होल्डन आणि फोर्ड असे तटच पडले; बाप ज्या तटाचा, मुलगाहि त्याच तटाचा. जपानी मोटार दाराशीं उभी करणें कित्येकांस कुलधर्म मोडल्यासारखें वाटे. वास्तविक दोन्ही तटांचे धनी अमेरिकन! होल्डन १९३१ पासूनच जनरल मोटर्सच्या मालकीचें. उलट परकी म्हणून हिणविलेली टोयोटा १९६३ पासून मेलबर्नमध्येंच जुळविली जात होती. २० ऑक्टोबर २०१७ रोजीं एलिझाबेथ येथील होल्डनचा कारखाना कायमचा थांबला, तेव्हां आपापल्या जुन्या गाड्या घेऊन लोक फाटकाबाहेर जमले होते. २०२० मध्यें डेट्रॉइटच्या मालकांनीं तें नांवहि मोडीत काढलें.