नैरोबीतले अप्पासाहेब

केनियाचे स्वातंत्र्यनेते जोमो केन्याटा यांच्या चरित्रात सातारा जिल्ह्याचा संबंध यावा असे वरवर पाहता काहीच नाही. तरीही 1950 च्या आसपासच्या ब्रिटिश वसाहत खात्याच्या कागदांत औंधच्या राजपुत्राचे नाव पुन्हा पुन्हा येते, आणि बहुतेक वेळा तक्रारीच्या सुरात. हा राजपुत्र म्हणजे अप्पासाहेब पंत, स्वतंत्र भारताचे पूर्व आफ्रिकेतले पहिले कमिशनर.

त्यांच्या नैरोबीतल्या कारकिर्दीचे कागद मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. केनियाच्या गव्हर्नरांनी लंडनला धाडलेला पत्रव्यवहार, नेहरूंच्या संकलित वाङ्मयात छापलेली पत्रे आणि टिपणे, आणि पंतांची स्वतःची ‘अ मोमेंट इन टाइम’ (1974) व ‘अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स’ (1987) ही पुस्तके. गव्हर्नरांना ते चिथावणीखोर दिसतात; स्वतःच्या पुस्तकांत ते सगळ्यांचे स्नेही असतात. आठवणी वीस-तीस वर्षांनी लिहिलेल्या, आणि आठवणी लिहिणारा मधली खुर्ची सहसा स्वतःलाच देतो. म्हणून तारखा सरकारी कागदांवरून घ्याव्यात आणि माणसे पंतांकडून. अप्पासाहेबांना माणसे दिसत, हे त्यांचे टीकाकारही नाकारणार नाहीत.

पण नैरोबीआधी औंध पाहायला हवे. हे संस्थान सलग नव्हतेच. औंध साताऱ्यात, कुंडल आणि आटपाडी आजच्या सांगलीत, गुणदाळ विजापूरच्या बाजूला; मध्ये मध्ये परका मुलूख. गावे 72, क्षेत्रफळ सुमारे 500 चौरस मैल. नोव्हेंबर 1938 मध्ये अप्पासाहेबांचे वडील, औंधचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या वाढदिवशी राज्य रयतेच्या हवाली करण्याची घोषणा केली आणि जानेवारी 1939 मध्ये घटना अमलात आली. तिच्यामागे गांधीजींचा सल्ला होता, मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरची चिकाटी होती, आणि विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेल्या अप्पासाहेबांची धावपळ. घटनेची रचना पायापासून वर जाते: गावाने पंचायत निवडायची, पंचायतींतून तालुक्याची समिती, तिच्यातून विधिमंडळ. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूरची वसाहत निघाली. गंभीर गुन्ह्यांतले कैदी तिथे बेड्या-भिंतींवाचून शेती करू लागले. (पुढे गदिमांनी त्यावर कथा लिहिली आणि शांतारामबापूंनी ‘दो आँखें बारह हाथ’ काढला. गदिमा आटपाडीकडचेच, आणि औंधला शिकलेले.)

सत्ता गावाच्या हाती, हा औंधचा पहिला धडा; दुसरा कुंडलने दिला. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मोठे ठाणे तिथे होते. त्याच्या तुफान सेनेची माणसे ब्रिटिश हद्दीतून निसटून संस्थानी हद्दीच्या आडोशाला येत. म्हणजे भूमिगत लोक, त्यांच्या आणाभाका, पोलिसांच्या दृष्टीने दरोडेखोर आणि गावाच्या दृष्टीने आपली पोरे, हे सगळे पंतांनी घराजवळ पाहिलेले होते. यावरून त्यांच्या नैरोबीतल्या वागण्याचा थेट कार्यकारणभाव मांडणे धाडसाचे होईल. पण केनियातल्या माऊ माऊ बंडखोरांच्या शपथांनी गोरे वसाहतवाले हादरले, तेव्हा या माणसाला त्यात निव्वळ रानटीपणा का दिसला नाही, याचे उत्तर शोधायला कुंडलहून फार लांब जायची गरज नाही.

मार्च 1948 मध्ये औंध मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी नेहरूंनी पंतांना नैरोबीला धाडले. केनियात तेव्हा सुमारे एक लाख भारतीय होते: दुकानदार, कारकून, कारागीर, वकील. उंचावरची सुपीक जमीन फक्त गोऱ्यांसाठी राखीव. भारतीयांचे म्हणणे, आम्हालाही गोऱ्यांइतके हक्क द्या. नेहरूंची भूमिका वेगळी होती आणि ती त्यांनी लपवली नाही: देश आफ्रिकनांचा आहे, त्यांच्या हिताला बाध आणून भारतीयांनी सवलती मागू नयेत. हे दुकानदारांना सांगणे अप्पासाहेबांच्या वाट्याला आले. साहजिकच ते सर्वांना गोड लागले नाही. दुसरीकडे आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारताच्या शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, आणि पंतांच्या घरी केन्याटा, पीटर म्बियू कोइनांगे यांची ऊठबस सुरू झाली. गोऱ्या नैरोबीत आफ्रिकन माणसाने पुढच्या दाराने येऊन पंगतीला बसणे हीच मोठी राजकीय घटना होती.

20 ऑक्टोबर 1952 च्या रात्री आणीबाणी पुकारून केन्याटांना पकडले. माऊ माऊ चालवल्याचा खटला नैरोबीपासून दूर, उत्तरेकडच्या कापेनगुरिया या आडगावी एका शाळेत चालवला. बचावासाठी लंडनहून डी. एन. प्रिट आले, नेहरूंनी दिवाण चमनलाल यांना पाठवले, आणि स्थानिक वकिलांत अच्छरू कपिला, जसवंत सिंग व गोव्याच्या घराण्यातले फिट्झ डिसूझा होते. सरकारचा भरवशाचा साक्षीदार रॉसन माचारिया. केन्याटांना माऊ माऊची शपथ देताना मी पाहिले, असे त्याने सांगितले. 8 एप्रिल 1953 रोजी न्यायाधीश थॅकर यांनी सात वर्षांची सक्तमजुरी ठोठावली. 1958 मध्ये त्याच माचारियाने प्रतिज्ञापत्र केले: आपली साक्ष खोटी होती, मोबदल्यात परदेशी शिक्षणाचे आमिष मिळाले होते. सरकारने मग त्या प्रतिज्ञापत्राबद्दलच त्याच्यावर खटला भरला आणि त्याला तुरुंगात टाकले! न्यायालयाच्या शिक्क्याचा कागद म्हणजे पुरावा, असे मानणाऱ्या अभ्यासकाने हे प्रकरण जवळ ठेवावे.

आणीबाणीत 1,000 हून अधिक आफ्रिकन फासावर गेले. ठार झालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची संख्या 32. पंत माऊ माऊला फूस देतात, त्यांना परत बोलवा, असा लकडा लंडनने दिल्लीमागे लावला होता. हिंसा नेहरूंनाही नको होती आणि पंतांनाही. पण हिंसेचा निषेध करताना तिच्या मुळाशी असलेल्या जमिनीच्या लुटीबद्दल गप्प बसावे, हे दोघांना मान्य नव्हते. 1954 मध्ये पंतांनी नैरोबी सोडले. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. लंडनला द्यायचे उत्तर म्हणून ती दिली असे कुठे लिहिलेले नाही. लंडनने ते तसे वाचले असल्यास नवल नाही.

त्यांच्या काळातली एक गोष्ट दगडविटांत उरली. गांधीजींच्या स्मारकासाठी पूर्व आफ्रिकेतल्या भारतीयांनी निधी जमवला आणि तो फक्त भारतीयांच्या संस्थेत न घालता सर्व वंशांच्या तंत्रमहाविद्यालयात घातला. तेच पुढे नैरोबी विद्यापीठ झाले.

12 डिसेंबर 1963 रोजी केनिया स्वतंत्र झाला, तेव्हा पंत जकार्तात राजदूत होते. केन्याटांचा वारसा मात्र सरळ रेषेत गेला नाही. गोऱ्यांची जमीन परत आली, पण तिचा मोठा वाटा सत्तेजवळच्यांकडे गेला. भूमिहीनांची बाजू मांडणारे गोवेकर वंशाचे पिओ गामा पिंटो यांची फेब्रुवारी 1965 मध्ये नैरोबीत गोळ्या घालून हत्या झाली. आणि 1967 मध्ये व्यापार परवान्यांचा कायदा आला. त्यामुळे नागरिकत्व न घेतलेल्या भारतीय दुकानदारांवर गदा आली आणि हजारो कुटुंबांनी ब्रिटनची वाट धरली. आफ्रिकनांशी नाळ जोडा, हे पंतांनी त्यांना जवळजवळ वीस वर्षे आधी सांगितले होते.