ट्राउटच्या यकृतातील गाठी

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत रेनबो ट्राउट या माशाची पैदास करणारी अनेक केंद्रे आहेत. १९६० साली तेथील माशांच्या यकृतात मोठ्या प्रमाणावर गाठी आढळल्या. त्या कर्करोगाच्या होत्या. एखाद्या माशाला कर्करोग झाला तर नवल नाही, पण तळीच्या तळी?

प्रथम शंका यावी ती संसर्गाची किंवा पाण्याची. धागा सापडला तो मात्र खाद्यात. पूर्वी या माशांना जनावरांचे कच्चे यकृत आणि मांस घालत. १९५० नंतर त्याजागी साठवायला सोप्या अशा कोरड्या गोळ्या आल्या. गाठींचा संबंध या गोळ्यांशी, विशेषतः त्यांतील सरकीच्या पेंडीशी दिसत होता.

पेंडीत असे होते तरी काय? त्याच वर्षी इंग्लंडमध्ये टर्की पक्ष्यांची लाखाहून अधिक पिले मेली होती. त्यांच्या खाद्यातील ब्राझीलच्या भुईमूग पेंडीवर ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ ही बुरशी वाढली होती. तिच्या नावावरूनच विषाला ‘अफ्लाटॉक्सिन’ म्हणू लागले. अतिनील प्रकाशात निळे चमकणारे ते ‘बी’, हिरवे चमकणारे ते ‘जी’. जॉन हॅल्व्हर, रसेल सिनह्युबर आदी संशोधकांनी हाच धागा ट्राउटपर्यंत नेला. अफ्लाटॉक्सिन घातलेले खाद्य दिल्यावर ट्राउटच्या यकृतात तशाच गाठी झाल्या. गोळ्या करताना उष्णतेने बुरशी मरते, पण विष बहुतांशी टिकते. म्हणून वरून स्वच्छ दिसणारी गोळीही घातक असू शकते. सरकीच्या तेलातील काही मेदाम्ले या विषाचा परिणाम आणखी वाढवतात, हेही पुढे सिनह्युबर यांच्या गटाने दाखवले.

ट्राउट या विषाला विलक्षण हळवा आहे. एक टन खाद्यात एक मिलिग्रॅमहून कमी विषही, दीर्घकाळ खाल्ल्यास, त्याला पुरते. त्याचे यकृत या विषाचे डीएनएला चिकटणाऱ्या रूपात झपाट्याने रूपांतर करते आणि ते निष्प्रभ करण्यात कमी पडते. अमेरिकेतलाच चॅनेल कॅटफिश मात्र याच्या कितीतरी पट मात्रा सोसतो. या हळवेपणामुळेच ट्राउट पुढे कर्करोगाच्या प्रयोगशाळेत आला.

आपल्याकडे रोहू-कटल्याच्या तळ्यात शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा घालण्याची रीत जुनी आहे. पावसाळी ओलीत दोन्हींवर बुरशी धरते. रोहूला अफ्लाटॉक्सिन टोचून केलेल्या प्रयोगांत, २००१ साली, त्याची रोगप्रतिकारशक्ती घटलेली आढळली. असा मासा दगावला तर तो दुसऱ्याच रोगाने गेला असे वाटते, आणि पेंडीच्या पोत्याकडे कोणी पाहत नाही.