औषधाची गोळी आणि कायद्याचे कलम

औषधाच्या दुकानात गोळ्यांची पट्टी हातात पडली की आपण आधी किंमत वाचतो. ही किंमत कारखानदार ठरवतो, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. ती गोळी कोणी बनवावी, किती जणांनी बनवावी आणि कोणत्या देशात विकावी, हे कायदा ठरवतो. किंमत त्याच्या मागून येते. आपल्या देशातील पेटंट कायद्याचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. त्यात मुंबईतील एका कारखान्याचा मोठा वाटा असल्यामुळे तो आपल्याला जवळचाही वाटेल.

इंग्रजांनी १९११ साली हिंदुस्थानासाठी पेटंट व डिझाइन कायदा केला. त्याप्रमाणे नव्या औषधाच्या मालकाला सोळा वर्षांपर्यंत मक्तेदारी मिळे. स्वातंत्र्यानंतरही हाच कायदा चालू राहिला. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांनी १९५९ साली सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात भारतातील पेटंटांपैकी ऐंशी ते नव्वद टक्के परकीयांच्या हाती असल्याचे आणि त्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक पेटंटांचा माल येथे बनतच नसल्याचे नमूद केले आहे. म्हणजे स्वतः बनवायचे नाही आणि दुसऱ्यालाही बनवू द्यायचे नाही! औषधांच्या बाबतीत भारत हा जगातील महागड्या देशांपैकी एक आहे, असा शेरा त्याच सुमारास अमेरिकेच्या सीनेटमधील केफॉव्हर समितीनेही मारला. गरीब देशात औषध महाग, ही गोष्ट परक्यांच्याही डोळ्यांवर आली होती.

यावर उपाय काय? अय्यंगार यांनी जर्मनीचे उदाहरण अभ्यासले. जर्मनीच्या १८७७ च्या कायद्यात रासायनिक पदार्थाला पेटंट नव्हते. तो पदार्थ तयार करण्याच्या पद्धतीला मात्र होते. हा भेद नीट समजून घ्या, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. समजा, शिरखुर्म्याचे पेटंट कोणी घेतले. पेटंट पदार्थाचे असेल, तर ईदच्या दिवशी इतर कोणालाही कोणत्याही रीतीने शिरखुर्मा करता येणार नाही. पेटंट पद्धतीचे असेल, तर शेजारच्या घरी वेगळ्या रीतीने करायला हरकत नाही. जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी नवनव्या रीती शोधल्या आणि तेथील रंगांचा व औषधांचा धंदा जगात पहिला आला. स्वित्झर्लंडसारख्या देशाने तर रासायनिक पदार्थांना पेटंट देणे १९७७ पर्यंत टाळले. आज पेटंटाच्या बाजूने सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या देशांनी स्वतःचे कारखाने मोठे होईपर्यंत वाट पाहिली, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे.

त्याच जर्मनीत, बर्लिन येथे, एका हिंदी तरुणाने रसायनशास्त्राची डॉक्टरेट घेतली. डॉ. ख्वाजा अब्दुल हमीद हे त्यांचे नाव. १८९८ साली अलिगढ येथे जन्मलेले हे गृहस्थ असहकाराच्या चळवळीत जामिया मिलियाच्या सुरुवातीच्या मंडळींत होते. १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘केमिकल, इंडस्ट्रियल अँड फार्मास्युटिकल लॅबोरेटरीज’ ही कंपनी काढली. हीच सिप्ला. १९३९ च्या जुलैत महात्मा गांधींनी हा कारखाना पाहिला. पुढे त्यांचे चिरंजीव डॉ. यूसुफ हमीद केंब्रिजहून रसायनशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन आले आणि १९६० पासून कारखान्यात काम करू लागले. १९६१ साली देशी औषध उत्पादकांची संघटना निघाली. पेटंट कायदा बदलावा, हे तिचे मुख्य म्हणणे होते.

परदेशी कंपन्यांचा विरोध अर्थातच होता. १९६५ साली मांडलेले विधेयक रेंगाळून रद्द झाले. अखेर १९७० साली नवा कायदा मंजूर झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून अमलात आला. औषधाच्या पदार्थाला पेटंट बंद. केवळ पद्धतीला, तेही फार तर सात वर्षे. डॉ. ख्वाजा हमीद यांचे निधन त्याच वर्षी, कायदा अमलात आल्यावर दोनच महिन्यांनी झाले.

पुढील वीस-पंचवीस वर्षांत देशी कारखान्यांनी निरनिराळ्या रीतींनी औषधे बनवली आणि भाव खाली आले. यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो खोडून काढण्याजोगा नाही. आपल्या कारखानदारांनी दुसऱ्याने शोधलेली औषधे स्वस्तात बनवली, पण स्वतः नवीन औषधे फार थोडी शोधली. संशोधनाला पैसा लागतो आणि तो कोणी तरी मोजावाच लागतो. प्रश्न इतकाच, की तो सगळा रोग्याच्या खिशातून, आणि तोही सर्व देशांत सारख्याच दराने घ्यावा काय?

या प्रश्नाचे भीषण रूप एड्सच्या रोगात दिसले. १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र दिल्यास रोगी जगतो, हे सिद्ध झाले. पण खर्च वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर! आफ्रिकेत लाखो माणसे मरत होती. दक्षिण आफ्रिकेने १९९७ साली स्वस्त औषधे आणण्याची वाट मोकळी करणारा कायदा केला, तर ३९ औषध कंपन्यांनी त्या सरकारवरच दावा लावला. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाने जाहीर केले, की हीच तीन औषधे आम्ही सेवाभावी डॉक्टरांच्या संघटनेला वर्षाला ३५० डॉलरला देऊ. दिवसाला एक डॉलरही नाही. पुढे या तिन्ही औषधांची मिळून एकच गोळी निघाली. ती पाश्चात्त्य देशांत का निघाली नाही? तेथे तिन्ही औषधांची पेटंटे तीन वेगळ्या कंपन्यांकडे होती आणि एकीला दुसरीचे औषध बनवण्याची मुभा नव्हती. भारतात १९७० च्या कायद्यामुळे ही अडचणच नव्हती. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेतील दावा मागे घेतला. नोव्हेंबरात दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या परिषदेने मान्य केले, की व्यापाराचा करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येऊ नये.

तोवर काळ बदलला होता. १९९५ साली जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली. तिच्या करारानुसार औषधाच्या पदार्थाला पेटंट देणे भारतावर बंधनकारक झाले. मुदत मिळाली ती १ जानेवारी २००५ पर्यंत. वीस वर्षांची मक्तेदारी परत आली. मात्र संसदेने कायद्यात कलम ३(ड) घातले. जुन्या पदार्थाला किरकोळ नवे रूप देऊन पुन्हा पेटंट मागितले, तर गुण वाढल्याचे दाखवल्याशिवाय ते मिळणार नाही, असा त्याचा आशय. नोव्हार्टिस या स्विस कंपनीचे रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक हे औषध याच कलमात अडकले. ते महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपयांना पडे, तर देशी बनावटीचे दहा हजारांच्या आत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी कंपनीचे अपील फेटाळले. औषध शरीरात अधिक शोषले जाते एवढ्यावर भागत नाही, रोग बरा करण्याचा गुण वाढला पाहिजे, असे त्यांनी ठरवले. मुले वकील व्हायची म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर जमिनीचे दावेच उभे राहतात. या खटल्यात मात्र दोन्ही बाजूंच्या वकिलांना स्फटिकांची रचना समजून घ्यावी लागली.

दुसरे कलम ८४. पेटंट असलेले औषध लोकांना परवडत नसेल, तर सरकार दुसऱ्याला ते बनवण्याचा परवाना देऊ शकते. मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयातून असा पहिला परवाना दिला गेला. बायर कंपनीचे कर्करोगावरील औषध महिन्याला सुमारे दोन लाख ऐंशी हजार रुपयांना होते. हैदराबादच्या नॅटको कंपनीला ते ८,८८० रुपयांत विकण्याची आणि बायरला विक्रीवर ठराविक हक्कशुल्क देण्याची अट घातली गेली. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका औषधासाठी मुंबईतील कंपनीने केलेला असाच अर्ज फेटाळला गेला. परवाना मागण्यापूर्वी पेटंटधारकाशी बोलणी करण्याचा पुरेसा प्रयत्न अर्जदाराने केला नव्हता, असे कारण देण्यात आले.