दप्तरापासून सर्व्हरपर्यंत : बुलढाणा जिल्ह्यातील सातबाऱ्याची वाटचाल

बुलढाणा जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांचा संगणकाशी कामापुरता संबंध आला तो मुख्यतः सातबाऱ्यामुळे. पीककर्ज, पीकविमा, भावकीतील वाटणी, कोर्टातील दावा, नुकसानभरपाई यांतले एकही काम त्या उताऱ्याशिवाय पुढे सरकत नाही. त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम बदलली, फॉन्ट बदलला, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली किंवा सर्व्हर बंद पडला, की त्याची झळ मेहकर, मोताळा, संग्रामपूरच्या शेतकऱ्याला थेट बसते. या जिल्ह्यात सॉफ्टवेअरच्या कटकटींचा इतिहास लिहायचा तर तो तलाठ्याच्या दप्तरापासूनच सुरू करावा लागतो.

वऱ्हाड प्रांत १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढच्या दशकांत मुंबई इलाख्याच्या धर्तीवर येथे रयतवारी मोजणी झाली, शेतांना सर्व्हे नंबर मिळाले आणि गावोगाव पाटील-पटवाऱ्यांच्या हाती नोंदी आल्या. १९०५ च्या फेररचनेत खामगाव आणि जळगाव हे तालुके अकोल्यातून बुलढाण्यात आले, म्हणजे घाटाखालच्या या भागाचे जुने कागद मुळात दुसऱ्या जिल्ह्याचे. १९२८ मध्ये वऱ्हाडसाठी स्वतंत्र जमीन महसूल संहिता झाली. १९५६ मध्ये विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि अखेर १९६६ चा महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाला. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना बारा म्हणजे पिकांची नोंदवही. हे दोन नमुने एका कागदावर आले तोच सातबारा. दरम्यान एकत्रीकरणाने सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले, आणि इंग्रजी अमदानीतील पाच तालुक्यांचे आज १३ तालुके आहेत. एकाच शेताची ओळख शंभर-सव्वाशे वर्षांत अनेकदा बदलली, आणि प्रत्येक बदल कोणीतरी हाताने लिहून ठेवला होता.

हे हस्तलेखन फार दाट होते. खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी आद्याक्षरे असत. हिस्सा काही ठिकाणी आणे-पैमध्ये मांडलेला, क्षेत्र जुन्या नोंदीत एकर-गुंठ्यांत आणि नव्या नोंदीत हेक्टर-आरमध्ये, पोटखराब वेगळा, विहिरीतील वाटा इतर हक्कात. कमी झालेल्या नावाला कंस आणि शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक. जाणत्या तलाठ्याला हे पान एका नजरेत वाचता येई. संगणकाला मात्र प्रत्येक गोष्टीसाठी ठरावीक रकाना हवा होता, आणि त्या रकान्यात काय बसते व काय बसत नाही याचा निर्णय गावापासून फार दूर झाला.

भूमी अभिलेखांचे संगणकीकरण करण्याची केंद्रपुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. महाराष्ट्रातून निवडलेला जिल्हा विदर्भातलाच होता, वर्धा. त्या काळातील पीसीवर डॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम चाले आणि तिला देवनागरी येत नव्हती. ही उणीव कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेल्या आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या ‘जिस्ट’ तंत्राने भरून काढली. संगणकात एक वेगळे कार्ड बसवले की इंग्रजीसाठी बनलेल्या प्रोग्रॅममध्येही मराठी अक्षरे उमटत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे संकेतमानक ठरले, १९९१ मध्ये त्याला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला, आणि अक्षरांच्या उच्चारक्रमावर बेतलेला इनस्क्रिप्ट कळफलकही त्यातच आला. पाया भक्कम होता. हे काम याच वाटेने पुढे गेले असते तर पुढची पंधरा वर्षे वाया गेली नसती.

विंडोज आली आणि वाट फुटली. पडद्यावर कोणत्याही आकाराचे अक्षर काढण्याची सोय आता ऑपरेटिंग सिस्टिममध्येच होती. त्यामुळे इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले फॉन्ट बाजारात आले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळुरूची आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी पॅकेजे छापखान्यांत आणि कचेऱ्यांत रुळली. लग्नपत्रिका, हस्तपत्रके, स्थानिक साप्ताहिके यांचे रूप त्यांनी पालटून टाकले, हे त्यांचे ऋण मान्यच करायला हवे. पण प्रत्येक पॅकेजची अक्षरांची मांडणी वेगळी होती. एका संगणकावर नीट दिसणारे पत्र दुसऱ्यावर उघडले की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक ओळ दिसे, कारण आत साठवलेले तेच असे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होई आणि तशीच आधी साठवली जाई. खातेदारांची अकारविल्हे यादी लावणे, एका आडनावाचे सगळे गट शोधणे ही नोंदवहीची मूळ कामे अशा मजकुरावर धड होत नसत. कागदावर सुंदर छापणे आणि माहिती जतन करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जमिनीच्या नोंदींना दुसरी हवी होती आणि बाजाराने पहिली दिली.

जगातील सर्व लिप्यांना एकाच संकेतावलीत जागा देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये निघाली आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली होती. विंडोजमध्ये हा आधार विंडोज २००० पासून मिळाला. तिच्यासोबत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांच्या हातचा. मुंबईत सुलेखनाचे शिक्षण देणाऱ्या या कलावंताचे अक्षर पुढे देशभरातील सरकारी संगणकांवर पोहोचले. तरीही विंडोज एक्सपीमध्ये देवनागरी आपोआप सुरू होत नसे. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागे आणि त्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. जिल्ह्याच्या गावाबाहेर ती सीडी सहसा हाताशी नसे. संगणक आहे, ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मराठीही आहे, पण पडद्यावर चौकोन दिसतात, अशी स्थिती कित्येक वर्षे राहिली.

कळफलकाचे दुखणे वेगळेच होते. कचेऱ्यांतील लिपिक शासनाची टंकलेखन परीक्षा देऊन आलेले होते आणि त्यांची बोटे रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टाइपरायटरवर बसलेली होती. विंडोजने दिला तो इनस्क्रिप्ट. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस नव्या कळफलकावर एकेक अक्षर शोधू लागला, यात त्याचा काहीच दोष नव्हता. त्यामुळे जुन्या फॉन्टची पॅकेजे कचेऱ्यांत अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकली.

युनिकोड आल्यानेही सगळे प्रश्न सुटले नाहीत. ज्या प्रांतात हा जिल्हा आहे त्या ‘वऱ्हाड’चाच दाखला पुरेसा आहे. मराठीतील हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त लावून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त लावून पुढे एक न दिसणारे जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण संगणक त्यांना वेगवेगळे शब्द समजतो. कऱ्हाळे आडनावाच्या खातेदाराचे नाव एका गावात एका पद्धतीने आणि दुसऱ्या गावात दुसऱ्या पद्धतीने चढले, तर शोध घेताना एकच खाते सापडते. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर वळवताना वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे यांत बिघाड झाला तो वेगळा.

शेजारच्या कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पातून नव्या शतकाच्या सुरुवातीलाच हस्तलिखित उतारे बंद केले होते. महाराष्ट्रातही तहसीलमधून संगणकीय सातबारा मिळू लागला होता, पण हस्तलिखित नोंदवही सोबत चालूच राहिली. तलाठी वहीत फेरफार घेई, संगणकातील नोंद नंतर कधीतरी अद्ययावत होई, आणि दोन्ही उतारे एकमेकांशी जुळेनासे होत. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि त्यापुढील दशकात राज्यात ई-फेरफार ही ऑनलाइन प्रणाली उभी राहिली. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला की माहिती तहसीलकडे जाते, तलाठी नोटीस काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. खरेदीनंतर नाव लागण्यासाठी हेलपाटे घालणाऱ्या शेतकऱ्याला ही मोठीच सोय होती.

पण प्रणाली चालायची तर आतील माहिती बिनचूक हवी, आणि ती तशी नव्हती. टंकनात क्षेत्राचा दशांश चिन्हाचा ठिपका सरकला होता, बहिणींची नावे गळली होती, कंसातील कमी झालेली नावे जिवंत खातेदार म्हणून चढली होती, सामाईक खात्यातील हिस्से पुसले गेले होते. हस्तलिखित आणि संगणकीय सातबारा ताडून पाहण्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये आधी एडिट आणि मग री-एडिट अशी मॉड्यूल द्यावी लागली. २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचनाची मोहीम निघाली. गावात सभा भरवायची, संगणकातून छापलेले सातबारे मोठ्याने वाचायचे आणि लोकांच्या हरकती लिहून घ्यायच्या, ही महसूल खात्याची जुनीच रीत. जिल्ह्यात सुमारे चौदाशे गावे आहेत. कोणता गट कोणाचा, बांध कुठे, मयत कोण, वारस किती, हे त्या त्या गावातील जुनी माणसेच ठामपणे सांगू शकत होती. कोणत्याही संगणकीय तपासणीला न सापडणाऱ्या चुका या वाचनात सापडतात, कारण हिशेबात बसणारी चूक यंत्राला चूक वाटत नाही. सातबाऱ्याच्या संगणकीकरणातील सर्वांत शहाणपणाचे पाऊल हेच होते, आणि ते कामाच्या शेवटी नव्हे, सुरुवातीलाच टाकायला हवे होते.

या काळाचा भार सर्वाधिक पडला तो तलाठ्यांवर. सगळी माहिती राज्यस्तरीय सर्व्हरवर होती आणि प्रत्येक नोंदीसाठी तिथपर्यंत जोडणी लागे. दिवसा राज्यभरचे तलाठी एकाच वेळी काम करू लागले की प्रणाली मंदावे. म्हणून अनेक जण रात्री उशिरा किंवा पहाटे नोंदी घेत. स्वतःच्या पैशाने घेतलेला लॅपटॉप, इंटरनेटचा डोंगल, डिजिटल स्वाक्षरीची किल्ली आणि त्यात विजेचा लपंडाव. २०१६ मध्ये तलाठी संघटनांनी राज्यभर आंदोलन केले तेव्हा लॅपटॉप, जोडणी आणि सर्व्हरचा वेग याच मागण्या पुढे होत्या. त्या रास्त होत्या. चावडीसमोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याला सर्व्हर दिसत नाही, समोरचा तलाठी दिसतो, आणि यंत्राच्या दोषाचा राग माणसावर निघतो.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा ऑनलाइन मिळू लागला. पंधरा रुपये भरून घरबसल्या काढलेला हा उतारा कायदेशीर कामाला चालतो, त्यावर तलाठ्याच्या सहीशिक्क्याची गरज उरली नाही. २०२० मध्ये उताऱ्याचा नमुनाच सुधारला गेला आणि गावाच्या नावासोबत गावाचा कोड आला. बुलढाण्यासारख्या, तालुके फुटत गेलेल्या जिल्ह्यात याचे मोल मोठे आहे, कारण एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत आहेत.

त्यानंतर सॉफ्टवेअर थेट शेतात उतरले. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि नमुना बारावरील पिकाची नोंद तलाठ्याऐवजी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून, उभ्या पिकाच्या छायाचित्रासह करायची ठरली. कल्पना योग्य होती; आपल्या शेतात काय पेरले हे शेतकऱ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक? परंतु घाटावर काय किंवा सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद-संग्रामपूरकडे काय, शेतात रेंज मिळेलच असे नाही. फोन जुना असला तर ॲप चालत नाही. मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर अडकतो आणि मुदतवाढ द्यावी लागते. १ ऑगस्ट २०२२ रोजी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला ४८ तासांत आपली नोंद दुरुस्त करण्याची मुभा मिळाली, ही चांगली सुधारणा झाली. मात्र या नोंदीवर पैसा अवलंबून राहू लागला तसा धोका वाढला. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी ५,००० रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याची योजना आली तेव्हा सुरुवातीला ई-पीक पाहणीची नोंद ही अट होती. कापूस आणि सोयाबीन हीच मुख्य पिके असलेल्या या जिल्ह्यात ज्यांनी पेरले पण ज्यांची नोंद चढली नाही ते बाहेर राहिले असते. २०२४ मध्ये ही अट शिथिल करून सातबाऱ्यावरील पीकनोंद ग्राह्य धरली गेली. निर्णय योग्यच होता. मात्र पेरा खरा असताना केवळ ॲपमध्ये नोंद नाही म्हणून मदत अडवणे मुळातच अन्यायाचे होते.

संगणकीय सातबाऱ्यात नाव, क्षेत्र किंवा हिस्सा मूळ हस्तलिखितापेक्षा वेगळा आढळला, तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. जुन्या हस्तलिखित उताऱ्याची नक्कल आणि संबंधित फेरफाराची प्रत अर्जाला जोडावी. वडिलांच्या किंवा आजोबांच्या काळातील असे उतारे घरात असतील तर ते फेकू नयेत.