गवताची चोरी

पीएचडी कशावर, असं कुणी विचारलं की मी सांगतो, गवतावर. समोरचा हसतो. तुम्हीही हसा, पण हे गवत कापलं म्हणून आपल्या यवतमाळ जिल्ह्यात माणसं तुरुंगात गेली आहेत.

१९३० च्या एप्रिलमध्ये देशभर मिठाचा कायदा मोडला जात होता. विदर्भाला समुद्र कुठला? अकोल्याकडे दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मीठ काढलं, पण ते कितीसं पुरणार! मग वऱ्हाडातल्या नेत्यांनी जंगलचा कायदा निवडला. १० जुलैला लोकनायक बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापलं, त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. २१ जुलैला यवतमाळजवळ लोहाऱ्याला डॉ. हेडगेवारांनी तेच केलं, त्यांना नऊ महिने.

एवढं तुम्हाला पुस्तकात सापडतं. मला अडवतो तो पुढचा प्रश्न: गवतच का?

कारण कापसाचं शेत बैलावर चालायचं आणि बैल गवतावर. रान राखीव झालं तसा चराईला पैसे आणि पास लागू लागला. ढोर आत शिरलं की कोंडवाडा, वर दंड. म्हणजे नेत्यांनी जे एकदा, जाहीर करून केलं, ते शेतकरी, गोंड, कोलाम एरवी लपून करत होते. नेत्याच्या धोक्याला तारीख होती आणि शिक्षेची मुदतही. गावकऱ्याच्या धोक्याला दोन्ही नव्हतं. सत्याग्रह संपला तरी जंगलाचा शिपाई गावातच. (हे माझं मत. गाइडना ते अजून पूर्ण पटलेलं नाही.)

आणि सगळीकडे अटकेवर भागलंही नाही. त्याच वर्षी, आपल्याच मध्य प्रांतात, शिवनीकडच्या तुरियात गोळीबारात चार जण गेले, त्यात तीन बायका. २५ सप्टेंबरला रायगडातल्या चिरनेरला आठ आंदोलक गेले. बापूजींचं चरित्र तुम्हाला वाचनालयात मिळेल. तुरियाच्या त्या बायकांबद्दल मला चार ओळींच्या पुढे काही मिळत नाही.

मार्च १९३१ मध्ये गांधी-आयर्विन करार झाला, सत्याग्रही सुटले. किनाऱ्याजवळच्या गावांना घरापुरतं मीठ काढायची सवलतही मिळाली. गवताला तशी सवलत नव्हती. पुढच्या पावसाळ्यात पुसदकडच्या बैलाला पुन्हा पासच लागला असणार.