मारुती ८०० : पुढच्या सस्पेन्शनचे निदान

१९८३ ते २०१४ या काळात निघालेल्या मारुती ८०० पैकी कितीतरी गाड्या अजून चालत्या आहेत, आणि त्यांची तक्रार गॅरेजात बहुधा दोनच शब्दांत सांगितली जाते : पुढून खडखडते. ठरलेला उपाय म्हणजे शॉकअप बदलणे. आवाज राहिला तर लोअर आर्म, तरी राहिला तर स्टिअरिंग रॅक. हा क्रम खर्चिक आहे आणि त्याला कसला आधारही नाही. आवाज पत्र्यातून फिरतो, त्यामुळे कान फसतो. कोणत्या दिशेचा जोर आला की लक्षण दिसते, हे आधी ठरवावे.

या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. वरचा आर्म नाही. शॉकअपच चाकाला उभे धरतो, स्प्रिंग अंगावर वागवतो आणि स्टिअरिंगबरोबर फिरतोही. खाली प्रत्येक बाजूला एक लोअर आर्म, त्याच्या बाहेरच्या टोकाला बॉल जॉइंट, आतल्या टोकाला रबरी बुश. एवढा आर्म चाकाला मागेपुढे सरकण्यापासून रोखू शकत नाही. ते काम स्टॅबिलायझर बारकडे आहे; त्याची टोके आर्ममध्ये बुशांवर अडकवलेली असतात. वळणावर गाडी कलू नये म्हणून असलेला दांडा इथे चाकाची जागाही सांभाळतो. हे लक्षात न घेतल्यामुळे बरीच निदाने चुकतात.

ब्रेक लागला की चाक मागे ढकलले जाते. बारचे बुश झिजलेले असेल तर चाक आधी तेवढी ढिलाई खाते आणि 'टक्' वाजते. एकाच बाजूचे झिजले असेल तर ब्रेकबरोबर गाडी एकीकडे ओढते, आणि मंडळी ब्रेक खोलायला बसतात. एकाने मोकळ्या जागेत गाडी अगदी सावकाश पुढे-मागे घेऊन दर वेळी ब्रेक मारावा, दुसऱ्याने बाजूला उभे राहून चाक आणि मडगार्ड यांच्यामधली फट पाहावी. चाक मागेपुढे सरकताना दिसले तर आधी हे बुश बदलावे.

आडव्या जोरासाठी गाडी बॉडीखाली स्टँड लावून उचलावी, चाक लोंबते ठेवावे. वजन स्ट्रटमधून येत असल्याने लोंबत्या चाकात बॉल जॉइंटवरचा भार उतरतो आणि झीज उघडी पडते. स्प्रिंग खालच्या आर्मवर टेकलेल्या गाड्यांत मात्र जॅक आर्मखालीच लागतो. चाक डावी-उजवीकडून धरून हलवले आणि खेळले, तर टाय रॉड एंड किंवा रॅक पाहावा. वर-खाली धरून खेळले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. या दोहोंतला निवाडा सोपा आहे : आत बसलेल्याने ब्रेक दाबून धरावा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर जॉइंट.

उभ्या जोराचे थोडक्यात. मडगार्ड दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन स्थिरावायला हवी. डोलत राहिली किंवा स्ट्रट तेलाने ओला दिसला, तर शॉकअप खरोखरच संपला. उभ्या गाडीचे स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग पीळ खाऊन झटक्याने सुटत असेल, तर दोष वरच्या माउंटिंगमध्ये आहे.

दुरुस्तीत रबराचे हाल सर्वाधिक होतात. आर्मच्या आतल्या बुशचा बोल्ट चाक लोंबते असताना पक्का आवळला, तर गाडी खाली येताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवे बुश लवकर फाटते. बोल्ट नुसता लावून ठेवावा, शेवटचा ताण गाडी चाकांवर उभी केल्यावर द्यावा. साधे ग्रीस रबराला लावू नये. साबणाचे पाणी पुरते. शॉकअप जोडीने बदलावेत. स्प्रिंग कॉम्प्रेसरने पुरती दाबल्याशिवाय वरचा मधला नट सोडू नये. सुटलेली स्प्रिंग जीव घेऊ शकते.

यानंतर अलाइनमेंट. या गाडीत मुळात फक्त टो जुळवता येतो, कॅम्बरला समायोजन नाही. नवे भाग बसवूनही एका बाजूचा टायर आतून खात असेल, तर आर्म, स्ट्रट किंवा बॉडी वाकलेली आहे. किनारपट्टीवरच्या गाड्यांत बॉनेट उघडून स्ट्रट जिथे बॉडीला बसतो तिथला पत्रा नीट पाहावा : गंजाने सांधा उकलला असेल, तर गाडी आधी पत्र्याच्या कारागिराकडे जायला हवी.