वादळी फुगवटा
वादळाच्या वेळी किनाऱ्याशी पाण्याची पातळी नेहमीच्या भरती-ओहोटीपेक्षा वर चढते, तिला वादळी फुगवटा म्हणतात. इंदापूर आणि करमाळा तालुक्यांत ‘फुगवटा’ हा शब्द निराळ्या अर्थाने रोजचा आहे : उजनी धरणाने अडवलेले भीमेचे पाणी मागे जिथवर पसरते, तो सारा फुगवटा. शब्दांची ही गाठ योगायोगाची असली तरी उपयोगाची आहे. वादळाने समुद्र का चढतो याची उत्तरे सहसा तीन मिळतात : हवेचा दाब उतरतो म्हणून, लाटा उसळतात म्हणून, वारा पाणी ढकलतो म्हणून. यांतले तिसरे कारण मुख्य आहे आणि दुसऱ्याचा पातळीतला वाटा दुय्यम. मोकळ्या समुद्रात तिन्ही एकत्र आदळतात, त्यामुळे त्यांचे वाटे वेगळे काढणे अवघड जाते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत असलेल्या उजनीत ते सहज वेगळे होतात.

दाबाचा हिशेब सरळ आहे. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र साधारण १ सेंटिमीटर वर येतो. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशावर आलेल्या महाचक्रीवादळाच्या केंद्रात दाब सुमारे ९१२ हेक्टोपास्कलपर्यंत खाली गेला होता. म्हणजे या खात्यावर फार तर मीटरभर पाणी. किनाऱ्यावर मात्र पाच-सहा मीटर पाणी चढले. उरलेले बहुतांश वाऱ्याने आणले. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून वेग दुप्पट झाला की ढकल चौपट होते. वाऱ्याला मोकळा पल्ला जितका लांब आणि पाणी जितके उथळ, तितका चढ मोठा. खोल पाण्यात ढकललेले पाणी तळाकडून परत फिरू शकते, उथळात त्याला तेवढी वाट नसते. ३१ जानेवारी १९५३ च्या रात्री उत्तर समुद्रात हे सगळे जुळून आले. वायव्येचा वादळी वारा, शेकडो किलोमीटरचा पल्ला, दक्षिणेकडे अरुंद आणि उथळ होत जाणारा समुद्र, त्यात पौर्णिमेचे उधाण. नेदरलँड्समध्ये बांध फुटले आणि १,८३६ माणसे गेली. हिवाळी वादळाचे याहून ठसठशीत उदाहरण शोधायला नको.

आता उजनी. येथे भरती नाही. दाब उतरला तरी पातळी चढत नाही, कारण समुद्रात कमी दाबाखालचे पाणी आजूबाजूच्या जास्त दाबाच्या भागातून येते. जलाशयावर दाब सगळीकडे जवळपास सारखाच उतरतो, मग पाणी येणार कुठून? राहतो तो फक्त वारा. ताशी सत्तर किलोमीटरचा वारा पाच किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यावरून सात-आठ मीटर खोल पाण्यावर वाहत राहिला, तर दोन टोकांच्या पातळीत फरक पडतो अवघा पाच सेंटिमीटरांच्या आसपास. निम्मा एका काठाला चढ, निम्मा दुसऱ्या काठाला उतार. गाळपेरीच्या सपाट काठावर, जिथे शंभर मीटरला एखादा मीटर उतार असतो, तिथे तेवढ्यानेही पाण्याची कड दोन-अडीच मीटर सरकते. भिगवण-कुंभारगावच्या दलदलीत चरणाऱ्या रोहित पक्ष्यांना ते कळेल, माणसाच्या लक्षातही येणार नाही. पण तोच वारा त्याच पट्ट्यावर साठ-सत्तर सेंटिमीटर उंचीच्या लाटा उठवतो, आणि होडीची कड पाण्यावर काही फार वर नसते. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी बोट वळवाच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. धरण तेव्हा मृतसाठ्यात होते, पाणी आटलेले होते. पातळीचा या अपघाताशी काही संबंध नव्हता, तो लाटांचा होता. लाट पाणी वरखाली नाचवते. फुगवटा ते एका बाजूला नेऊन तासन्‌तास धरून ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, डबक्यावरून समुद्राचे माप काढणे बरे नव्हे. आक्षेप आकाराबद्दल खरा आहे, नियमाबद्दल नाही. त्याच हिशेबात पल्ला पाचऐवजी पाचशे किलोमीटर, खोली पन्नास मीटर आणि वारा ताशी नव्वद घातला की उत्तर दीड मीटरच्या घरात जाते. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : वादळात उजनीची पातळी वाढताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे. १३ ऑक्टोबर २०२० ला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलेली कमी दाबाची प्रणाली तेलंगण ओलांडून सोलापूर-पुण्याकडे सरकली, बारामती-इंदापुरात अतिवृष्टी झाली, कऱ्हा नदी पात्राबाहेर आली आणि उजनीतून दोन लाख क्युसेकच्या वर पाणी भीमेत सोडावे लागले. पण ही वाढ पावसाच्या आवकेची होती. धरणाची पूर्ण पातळी ४९६.८३ मीटर, मृतसाठ्याची ४९१.०३, या जवळपास सहा मीटरांच्या चढउतारात वाऱ्याचे दोन-तीन सेंटिमीटर कोणीही मोजत नाही. समुद्राला अशी आवक नसते. नदीच्या मुखाशी मात्र पूर आणि फुगवटा एकमेकांना अडवतात, तेव्हा दोन्ही हिशेब एकत्र मांडावेच लागतात.

मग कोकणात उत्तर समुद्रासारख्या हिवाळी फुगवट्याच्या कहाण्या का नाहीत? उथळ तळ कमी आहे म्हणून नव्हे. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन सुमारे तीनशे किलोमीटर पसरली आहे, केरळपेक्षा कितीतरी रुंद. कमी आहेत ती वादळे. अरबी समुद्रातली बहुतेक गुजरात किंवा ओमानकडे वळतात, नाहीतर वाटेत विरतात. डिसेंबर २०१७ मधले ओखी असेच सुरतेजवळ पोचेपर्यंत मावळले. तरी ३ डिसेंबरला मार्गशीर्ष पौर्णिमा, म्हणजे दत्तजयंती होती. उधाणाच्या भरतीवर दुरून आलेल्या लाटा चढल्या, कोकणात पाणी नेहमीच्या रेषेच्या आत आले, आणि केरळ-तमिळनाडूच्या नौकांनी देवगड बंदरात आसरा घेतला. तिथे दिसले ते उधाण आणि लाटा; वाऱ्याचा खरा फुगवटा नव्हे.

वाऱ्याला मुख्य कारण ठरवणाऱ्याला शेवटची अडचण हीच किनारपट्टी घालते. नोव्हेंबर-डिसेंबरात येथे वारा मंद, तोही उत्तरेकडचा. अशा वाऱ्याने पाणी किनाऱ्यापासून दूर जावे. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावरची समुद्रपातळी वर्षात याच सुमारास सर्वांत वर असते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात खाली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी याचा उलगडा केला : बंगालच्या उपसागरावरच्या वाऱ्यांनी उठवलेली, दिवसांऐवजी आठवडे टिकणारी मंद लहर किनारा धरून श्रीलंकेला वळसा घालते आणि पश्चिम किनाऱ्याने उत्तरेकडे चढते. वारा इथेही आहेच, फक्त तो पूर्व किनाऱ्याच्या पलीकडे वाहिलेला असतो.